टी.सी. आणि डावा हात

मागच्या जूनमध्ये सावद्यातला एक मुलगा वडिलांबरोबर माझ्या खताच्या दुकानात आला. केळीच्या मृगबागेच्या लावणीचे दिवस, दुकानात गर्दी. मला वाटलं, ठिबकमधून सोडायचं काही हवं असेल. वडील म्हणाले, "भाऊ, याले समजाडा जरा. पुन्याचं कालेज सोडतो म्हनतो."

पोरगा बास्केटबॉल खेळतो. गार्ड आहे. एक वर्ष पुण्यात काढलं आणि त्यातलं बहुतेक बाकावर. आता त्याला दुसरं कॉलेज हवंय.

बास्केटबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगतो. गार्ड म्हणजे संघातला बहुधा सगळ्यात बुटका माणूस. चेंडू टप्पे देत पुढे न्यायचा, कोण कुठे उभा आहे ते बघायचं आणि ज्याच्या हातून गुण होईल त्याच्याकडे तो पोचवायचा, हे त्याचं काम. उंच माणसाकडून चूक झाली तर दोन गुण हुकतात. गार्डाकडून झाली तर चेंडूच समोरच्याच्या हातात जातो आणि तो तसाच पळत जाऊन आपल्या टोपलीत टाकतो. सगळ्या मैदानाला दिसते अशी ती चूक असते.

पंचवीस वर्षांपूर्वी मी त्या पोराच्या जागी होतो. १९९९ साली पुण्याला गेलो, २००० साली जळगावला परत आलो. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं असल्यामुळे त्याच्याशी धड बोलता आलं नाही. जे बोलायचं राहिलं ते लिहून काढतो. मी मोठा खेळाडू झालो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यामुळे खाली जे आहे ते यशाचं गुपित म्हणून कोणी वाचू नये.

१. मिनिटं मोजता, तर गेलेले चेंडूही मोजा

पुण्यात मी एक वही ठेवली होती. त्या वर्षी आम्ही सहा सामने खेळलो. तेव्हा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असे. सहा सामन्यांत मिळून मी उतरलो अकरा मिनिटं. प्रत्येक सामन्यापुढे मिनिटं लिहिलेली, खाली बेरीज केलेली. हॉस्टेलच्या खोलीत कोणी आलं की मी ती वही दाखवायचो, सावकाराने थकबाकी दाखवावी तशी.

त्या अकरा मिनिटांत माझ्या हातून चेंडू किती वेळा गेला, हे मात्र वहीत कुठेच नव्हतं. पुढे कधीतरी आठवून आठवून मोजलं, तर नऊ वेळा. म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला एक. कुठल्याही प्रशिक्षकाने अशा गार्डाला बसवलं असतं. मी असतो तर मीही बसवलं असतं.

त्यातला एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. आमचा पहिला गार्ड पाचव्या फाउलवर बाहेर गेला आणि सरांनी मला उठवलं. समोरच्यांनी पूर्ण मैदानभर दाब टाकला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहा सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा. मी उजव्या हाताने निघालो. समोरचा पोरगा माझ्या उजवीकडेच येऊन उभा राहिला आणि डावीकडची वाट मोकळी सोडली, गोठ्याचं दार उघडून धरावं तशी. त्यांच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "डावीकडे जाऊ दे, डावीकडे!" मी डाव्या हाताने एक टप्पा दिला. दुसरा माझ्याच बुटावर आदळला. पुढच्या वेळी मी उजवीकडेच अडून राहिलो आणि दहा सेकंद संपले. तिसऱ्या वेळी चेंडू घ्यायलाच गेलो नाही. आमच्या उंच पोराच्या मागे जाऊन उभा राहिलो. सरांनी मला परत बोलावलं तेव्हा खरं सांगतो, बरं वाटलं.

हे 'बरं वाटलं' वहीत लिहिलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

२. घरी सांगायचं कारण आणि खरं कारण

मायला सांगितलं, मेसचं जेवण सोसत नाही. तिला ते लगेच पटलं. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत सोडून पोरगं जगतंच कसं, असा तिचा पहिल्यापासून सवाल होता. नानांना सांगितलं, खर्च फार होतो. त्या वर्षी केळीला भाव नव्हता, त्यामुळे तेही खपलं. मित्रांना सांगितलं, "तिथे पॉलिटिक्स आहे यार." हा शब्द फार सोयीचा. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

स्वतःला सांगितलं की सर पुण्याच्या मुलांनाच खेळवतात.

यात तथ्य होतं का? मुलं पुण्याची होती, हे खरं. पण त्यांतली निम्मी मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून खेळत होती. डेक्कन जिमखान्यासारख्या ठिकाणी सिमेंटच्या कोर्टवर, डोक्यावर शिकवणारा माणूस, घरापासून सायकलच्या अंतरावर. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याची, ते उगीच नाही. मुंबईच्या नागपाड्याचंही तसंच. एका दाटीवाटीच्या वस्तीतल्या मैदानाने अब्बास मुंतसीरसारखा भारताचा कर्णधार दिला. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ मोहल्ल्यात असावा लागतो, तेव्हा तो हातात येतो.

आमच्या शाळेत काळ्या मातीचं मैदान. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि मधल्या तीन-चार महिन्यांत चेंडू उसळेल तसा उसळणार. दोन खांब, फळ्यांचे बोर्ड आणि रिंग. जाळी नव्हती. जाळी नसलेल्या रिंगमधून चेंडू गेला की बाजूने गेला, हे कडेने बघणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे निम्मा वेळ भांडणात. अशा मैदानावर आपण आपोआप एकच हात वापरतो, भरवशाचा. मी तालुक्याला चमकलो तो त्या एका हातावर. क्रीडा कोट्यातून पुण्याला प्रवेश मिळाला तोही त्याच हातावर.

कॉलेज बदलण्याचं खरं कारण एवढंच होतं की मला तिथे चेंडूची भीती वाटायला लागली होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कॉलेज बदलणं योग्यच ठरलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मग बदलून काय करायचं, हेही त्याच वेळी कळलं असतं.

३. सरांना तोंडावर सांगा

हा माझा सगळ्यात मोठा गुन्हा. टी.सी.चा अर्ज मी सर बाहेरगावी गेलेले दिवस साधून दिला. जिमखान्याच्या सहीची वेळ आली तेव्हा शिपायाच्या हाती कागद पाठवला आणि स्वतः खाली जिन्यात उभा राहिलो. सही झाली. वर बोलावणं आलं नाही. मला वाटलं, सुटलो.

दोन वर्षांनी एका खुल्या स्पर्धेत ते पंच म्हणून भेटले. मी पाया पडलो. ते म्हणाले, "अरे, सांगायचंस तरी. जळगावला ओळखीचे आहेत माझे. एक फोन केला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि डाव्या हाताचं तुला दिवाळीनंतर घ्यायचं ठरवलं होतं."

मी वर्षभर ज्या माणसाच्या नावाने खडे फोडले, त्याच्या डोक्यात माझा डावा हात होता. पुढे ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या पोराला मी एवढं एकच वाक्य दुकानात सांगू शकलो: आधी सरांकडे जा, मग ऑफिसात.

४. कागद

यावर पुस्तक होईल, पण थोडक्यात.

१९९० च्या आधी सावद्याचा मुलगा पुण्यात शिकला काय आणि जळगावात शिकला काय, विद्यापीठ एकच, पुणे. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. (२०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं होतं. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या.) आपलं विद्यापीठ आपल्या दारी आलं, फार चांगलं झालं. पण माझ्यासारख्याच्या दृष्टीने पुणे आणि जळगाव यांच्यामध्ये एक सरहद्द आली. कॉलेजची टी.सी. पुरेना. विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आलं, नव्या विद्यापीठाची पात्रता आली, शिकलेले विषय जुळतात का ते बघणं आलं.

माझं मायग्रेशन अडकलं ते माझ्याच मूर्खपणामुळे. हॉस्टेलचा 'नो ड्यूज' घ्यायचा विसरलो. लायब्ररीचं एक पुस्तक खोलीतल्या मित्राकडे राहिलं आणि तो सुट्टीत गावी गेलेला. भुसावळहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून मी एका महिन्यात तीनदा पुण्याला गेलो, जनरलच्या डब्यात, दाराशी बसून. शिवाय एका विषयात एटीकेटी. नव्या कॉलेजात एक पेपर असा निघाला की जो मी केलेलाच नव्हता.

या सगळ्यात ऑगस्ट संपला, सप्टेंबर अर्धा गेला, आणि कागद पूर्ण होईपर्यंत संघाच्या यादीत माझं नाव गेलं नाही. सरावाला मात्र रोज जायचो. ज्याला सामना नाही त्याचा सराव फार लांबलचक वाटतो.

नव्या पोरांना सांगणं असं: टी.सी. काढायच्या आधी नव्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांना आणि हेडक्लार्कना, दोघांनाही भेटा. क्रीडा संचालक 'ये' म्हणतात, त्यात काही खोटं नसतं. पण 'कधीपासून' हे हेडक्लार्कलाच माहीत असतं.

५. अमेरिकेत वर्षभर बसवत असत

तो पोरगा मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने बघतो. म्हणाला, "काका, तिकडे दर वर्षी पोरं कॉलेज बदलतात. पोर्टलवर नाव टाकलं की झालं."

झालं, हे खरं. पण ते अलीकडचं. एनसीएएने, म्हणजे तिकडच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेने, हे ट्रान्स्फर पोर्टल आणलं ऑक्टोबर २०१८ मध्ये. बास्केटबॉलमध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली २०२१ मध्ये. त्याआधी कॉलेज बदललं की एक पूर्ण वर्ष सामन्याला मुकायचं. सराव करा, पण सामन्याच्या दिवशी शर्ट-पँट घालून कडेला बसा. गाजलेला गार्ड स्टीफन करी, त्याचा धाकटा भाऊ सेथ करी, तोही गार्ड. त्याने लिबर्टी विद्यापीठात पहिलं वर्ष दणक्यात काढलं आणि २००९ मध्ये ड्यूक विद्यापीठात गेला. पुढचं अख्खं वर्ष तो कडेला बसला, आणि नेमकं त्याच वर्षी, २०१० मध्ये, ड्यूकने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. घरात लग्न आणि आपण उपाशी, अशातली गत. पण त्यानंतर तो तीन वर्षं तिथे खेळला आणि एनबीएपर्यंत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगपर्यंत, पोचला.

त्या सक्तीच्या वर्षाला तिकडे पुष्कळ शिव्या पडल्या आणि शेवटी ते गेलं. पोरांच्या बाजूने बघितलं तर गेलं ते ठीकच झालं. प्रशिक्षक मनाला येईल तेव्हा नोकरी बदलणार आणि पोराने तेवढं बसून राहायचं, हा कुठला न्याय? तरी माझं मत विचाराल तर माझ्या आयुष्यातला बास्केटबॉलच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा काळ तो कागदात अडकलेला तीन-साडेतीन महिन्यांचाच. सामना नव्हता म्हणून हरण्याची भीती नव्हती. भीती नव्हती म्हणून डावा हात बाहेर काढला.

६. वासरांत लंगडी गाय

जळगावला पहिल्या दिवसापासून मी शहाणा. 'पुण्याहून आलेला' ही पदवी बी.कॉम.पेक्षा मोठी होती. पुण्यात सहा सामन्यांत अकरा मिनिटं खेळलोय, हे इथे कोणाला ठाऊक? मीही सांगितलं नाही. पोरं मला पुण्यातले डावपेच विचारायची आणि मी बाकावरून पाहिलेले डावपेच, जणू मीच खेळलोय अशा थाटात, सांगायचो.

त्याचा एक फायदा झाला, तो नाकारणार नाही. सांगता सांगता डाव कळायला लागला. बाकावर वर्षभर बसून मी नकळत पुष्कळ बघितलं होतं. कोण कुठून कापतो, दाब कसा फुटतो, दोघांनी मिळून आडोसा कसा द्यायचा. पायांना न येणारं ते डोळ्यांना येत होतं.

नुकसान हे की शहाण्या गाईला कोणी लंगडी म्हणत नाही. तिथल्या सरांनीही पहिले दोन महिने माझ्या डाव्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. दाखवून दिलं ते एका वरणगावच्या पोराने, जो पुण्याला कधी गेलेला नव्हता. सरावात तो सरळ माझ्या उजवीकडे येऊन उभा राहिला, डावीकडची वाट मोकळी सोडून. गोठ्याचं तेच दार.

७. ज्याची जागा घेतली तो

त्या वरणगावच्या पोराबद्दल सांगायलाच हवं. मी येण्याआधी तोच पहिला गार्ड होता. मी आलो आणि तो दुसरा झाला. पुण्यात माझं जे झालं होतं तेच मी इथे त्याचं केलं, आणि हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली.

तो भांडला नाही. फक्त सरावात माझ्यावर दाब टाकायचा तो जरा जास्तच टाकायचा. माझ्या डाव्या हाताचा खरा गुरू तोच म्हणायला हवा, पण त्याला शिकवायचं नव्हतं, मला पाडायचं होतं. दोन्हींचा परिणाम एकच.

आमचा संघ म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल होतं. निम्मी पोरं अप-डाऊन करणारी. दोघं पाचोऱ्याकडचे, म्हणजे मुंबईच्या लाइनवर. एक धरणगावचा, म्हणजे सुरतच्या लाइनवर. हा वरणगावचा, भुसावळला उतरून नागपूरच्या लाइनवर. आणि मी सावद्याचा, भुसावळहून खंडव्याच्या लाइनवर. संध्याकाळी साडेचार वाजले की चेंडूपेक्षा घड्याळाकडे जास्त डोळे. कुणाची गाडी लेट असली तर तो अर्धा तास जास्त खेळणार, वेळेवर असली तर शर्टाची बटणं लावत पळणार. पाच विरुद्ध पाच खेळायला दहा पोरं एका वेळी क्वचितच मिळायची. गार्डने संघ बांधायचा असतो म्हणतात. मी आधी पास कोणाचा कुठपर्यंत आहे ते पाठ केलं, मग डाव.

भुसावळपर्यंतची गाडी वरणगावच्या पोराची आणि माझी एकच. दोन महिने आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसायचो. एकदा गर्दीत एकाच दारात उभं राहायची वेळ आली. बराच वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "तू डाव्या हाताने टप्पा देताना चेंडूकडे बघतो. म्हणून जातो." एवढंच. आणि भुसावळला उतरून गेला.

मी त्याला कधी 'तुझी जागा घेतली, माफ कर' असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जागा सरांनी दिली होती. पण जो पोरगा कॉलेज बदलून नव्या संघात जातो त्याने एवढं ध्यानात ठेवावं की तिथेही कोणाच्या तरी घरी एक वही असते.

८. डावा हात

ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते आता.

टी.सी.वर जन्मतारीख असते, जात असते, वर्तणूक 'चांगली' असते. डाव्या हाताची नोंद नसते. पण तो येतो सोबत, ट्रंकेत न भरताही.

मी केलं ते असं. सकाळी सावद्याहून निघण्याआधी घरामागच्या खळ्यावर उजवा हात उपरण्याने कमरेला बांधायचा आणि डाव्याने टप्पे द्यायचे. आधी उभं राहून, मग चालत, मग पळत. चेंडूकडे बघायचं नाही. म्हणून समोरच्या भिंतीवरचा दिनदर्शिकेचा कागद वाचत टप्पे द्यायचे. तिथी, वार, सण, सगळं तोंडपाठ झालं. खळं शेणाने सारवलेलं, त्यामुळे चेंडू कमी उसळायचा. हा त्रास नंतर फायद्याचा ठरला, कारण कमी उसळणारा चेंडू ताब्यात ठेवायला मनगटाला जास्त काम पडतं. माय म्हणायची, सकाळच्या पारी हे काय धपधप. नाना खाटेवरून बघायचे, बोलायचे नाहीत. जेवतानाही घास डाव्या हाताने घ्यायला लागलो तेव्हा मात्र मायने हातावर चापट मारली. तेवढं सोडलं.

बास्केटबॉलचं वजन तेव्हाच्या नियमाप्रमाणे ५६७ ते ६५० ग्रॅम. लावणीचा केळीचा कंदही साधारण अर्धा ते पाऊण किलोचा निवडतात. लावणीच्या दिवसांत मी मजुरांबरोबर कंद पोचवायचो तेव्हा डाव्या हाताने फेकून डाव्यानेच झेलायचो. नानांना हा कंदाचा अपमान वाटायचा.

नेमकं त्याच सुमाराला खेळाने आमची वाट आणखी अरुंद केली. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने नियम बदलले. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव जाऊन दहा-दहा मिनिटांचे चार भाग आले. टोपलीकडे चेंडू टाकायला तीस सेकंदांऐवजी चोवीस. आणि मध्यरेषा ओलांडायला दहाऐवजी आठ. आमच्याकडे हे नियम यायला जरा वेळ लागला आणि आले तेव्हा चोवीस सेकंदांचं घड्याळ म्हणजे टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातातलं स्टॉपवॉच आणि त्याचा आवाज. पण आठ म्हणजे आठ. पुण्यात मला दहा सेकंद पुरले नव्हते. आता दोन कमी.

डावा हात उजव्यासारखा कधीच झाला नाही. तशी अपेक्षाही चुकीची. फक्त समोरच्याला डावीकडची वाट फुकट सोडणं परवडेनासं झालं, आणि त्यामुळे उजवीकडचीही थोडी उघडली. सात-आठ महिने लागले. पुण्यातच राहून ते झालं नसतं का? हात तोच, खळं नसलं तरी पुण्यात सिमेंटचं कोर्ट होतं, शिकवणारा माणूस होता. झालं असतं, कदाचित लवकर झालं असतं. पण शिकलेलं सामन्यात वापरून बघायला, चुकायला आणि चुकूनही पुढच्या मिनिटाला मैदानावर असायला मिनिटं लागतात, ती तिथे मला मिळाली नसती. गार्ड बाकावर पिकत नाही. म्हणून म्हणतो, माझा निर्णय बरोबर होता, कारणं सगळी चूक.

९. रुंद पानांचं पील

केळीच्या बुंध्याशी दोन तऱ्हेची पिलं फुटतात. एकाची पानं अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी. दुसऱ्याची रुंद, दिसायला भरदार. नवखा माणूस रुंद पानांचं उचलतो. लावणीला घ्यायचं असतं ते तलवारीचं. रुंद पानांच्या पिलाची आईच्या कंदाशी जोड वरवरची असते, आत साठा नसतो.

कॉलेज निवडताना मी पहिल्यांदा रुंद पानं बघितली. एवढंच. हा धडा नानांचा आहे, माझा नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "तठी तुले खेयाले भेटीन का?" कॉलेजची इमारत, नाव, शहर, काही नाही. खेळायला मिळेल का. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मंग तठी बसन्यापेक्षा अठी उभा राह्य."

१०. पुढे काय झालं

फार काही नाही. जळगावला दोन वर्षं खेळलो. दुसऱ्या वर्षी आमचा संघ आंतरविभागीय सामन्यांपर्यंत गेला आणि तिथे हरला. विद्यापीठाच्या निवड चाचणीला गेलो, राखीव यादीत नाव आलं, बोलावणं आलं नाही. त्याच चाचणीत वरणगावचा निवडला गेला. त्याने मला तिथेही डावीकडे ढकललं होतं, पण त्या दिवशी मी गेलो होतो, दोनदा, आणि एकदा टोपलीपर्यंत. बी.कॉम. सेकंड क्लास. मग दुकान.

तो मुलगा परवा पुन्हा आला. सरांना भेटून, सांगून, मग टी.सी. काढली म्हणाला. सर रागावले नाहीत. मायग्रेशनचा अर्ज दिलाय. हॉस्टेलचा नो ड्यूज घेतला का विचारलं, तर हो म्हणाला. हा माझ्यापेक्षा हुशार आहे.

कागद येईपर्यंत तो आता रोज सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर येतो. मीही जातो. आता तिथे सिमेंटचं अर्धं कोर्ट झालंय. तीन गुणांची रेषा आमच्या वेळी ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून ती ६.७५ वर गेली. ती आम्ही दोघांनी दोरी धरून चुन्याने नव्याने आखली. गावातली आणखी सात-आठ पोरं यायला लागलीत, त्यात तीन मुली. त्यांतली एक डावखुरी आहे आणि तिचा उजवा हात अगदीच कच्चा आहे.

रिंगला जाळी अजून नाही. चेंडू आतून गेला की बाजूने, यावरून रोज भांडणं होतात. कुणाकडे जुनी पडून असेल तर बऱ्हाणपूर रोडवरच्या माझ्या दुकानात आणून द्या. फाटकी असली तरी चालेल, शिवून घेऊ.